इच्छार्थ

एखादी गोष्ट घडावी किंवा घडू नये, ही वक्त्याची इच्छा क्रियापदाच्या ज्या रूपाने व्यक्त होते, त्या रूपास इच्छार्थ म्हणतात. व्याकरणात ‘अर्थ’ ही संज्ञा येथे शब्दाचा आशय या नेहमीच्या अर्थाने योजलेली नाही. बोलणारा क्रियेकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, हे दाखविणाऱ्या क्रियापदाच्या विकारास ती लावतात. ‘पाऊस पडतो’ या वाक्यात केवळ विधान आहे. हा स्वार्थ होय. ‘पाऊस पडता, तर पीक आले असते’ यात एक गोष्ट दुसरीवर अवलंबून आहे, हा संकेतार्थ. ‘पाऊस पडो’ किंवा ‘पाऊस पडावा’ या वाक्यांत मात्र पावसाविषयी काहीच सांगितलेले नाही. सांगितले आहे ते वक्त्याचे मन. म्हणून इच्छार्थी वाक्य खरे किंवा खोटे ठरविता येत नाही. ते सफल किंवा विफल होते.

इच्छा सर्व समाजांत असते. तिच्यासाठी क्रियापदाचे स्वतंत्र रूप मात्र सर्व भाषांत नसते आणि ज्या भाषांत ते होते, त्यांपैकी बहुतेकांत ते टिकलेले नाही. इच्छार्थाचा इतिहास पाहिला असता असे दिसते, की रूप नष्ट होते परंतु त्याची गरज राहते. मग भाषा आज्ञा, कर्तव्य, जुना वर्तमानकाळ इ. हाताशी असलेल्या सामग्रीतून नवे रूप घडविते. या सामग्रीची खूण नव्या रूपावर राहून जाते. संस्कृतपासून मराठीपर्यंतची वाटचाल हे याचे एक स्पष्ट उदाहरण आहे.

मूळ रूप : संस्कृत, अवेस्ता, ग्रीक, लॅटिन, गॉथिक इ. इंडो-यूरोपियन भाषांची तुलना केली असता त्यांच्या समान पूर्वज भाषेत स्वार्थ व आज्ञार्थ यांखेरीज संभावनार्थ आणि इच्छार्थ असे आणखी दोन अर्थ होते, असे अनुमान निघते. ‘असणे’ या अर्थाच्या धातूचे तृतीयपुरुषी एकवचनी इच्छार्थी रूप संस्कृतात ‘स्यात्’, अवेस्तात ‘ह्यात्’, ग्रीकमध्ये ‘एइए’, प्राचीन लॅटिनमध्ये ‘सिएत्’ आणि गॉथिकमध्ये ‘सियाइ’ असे आढळते. धातू आणि पुरुषप्रत्यय यांच्यामध्ये येणारे ‘या’ हे चिन्ह व त्याचे ‘ई’ हे क्षीण रूप ही इच्छार्थाची खूण होय. संस्कृत ‘भरेत्’ आणि ग्रीक ‘फेरोइ’ (वाहून नेवो) यांत तीच खूण आधीच्या स्वरात मिसळून गेली आहे.

बेर्टोल्ट डेलब्र्यूक या जर्मन भाषावैज्ञानिकाने संस्कृत व ग्रीक या भाषांतील या दोन अर्थांचा तौलनिक अभ्यास १८७१ मध्ये प्रसिद्ध केला. संभावनार्थाचा मूळ भाव संकल्प हा असून इच्छार्थाचा मूळ भाव इच्छा हा आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. सर्वांत जुन्या ग्रंथांतही इच्छार्थाने शक्यता व्यक्त होत असल्याने पुढील अभ्यासकांनी हे प्रतिपादन जसेच्या तसे स्वीकारले नाही. हिटाइट भाषेच्या उलगड्याने प्रश्नाला वेगळे वळण मिळाले. बेद्रिख ह्रोझनी याने १९१५ मध्ये ही भाषा इंडो-यूरोपियन असल्याचे दाखवून दिले. तिचे लेख या कुटुंबातील अतिप्राचीन लेखांपैकी असूनही तिच्यात इच्छार्थ व संभावनार्थ यांची स्वतंत्र रूपे नाहीत. इच्छा व शक्यता दाखविण्यासाठी ‘मान्’ हे अव्यय येते. हिटाइटमध्ये ही रूपे लुप्त झाली, की ती शाखा वेगळी झाल्यानंतर इतर भाषांत ती निर्माण झाली, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत.

ग्रीक व लॅटिन : होमरच्या महाकाव्यांत इच्छार्थाचा वापर विपुल आहे आणि अभिजात ग्रीक गद्यातही इच्छा, शक्यता व भूतकालीन कथनातील परोक्ती यांसाठी तो नियमाने येतो. अलेक्झांडरनंतरच्या काळात ग्रीक ही अनेक लोकांची व्यवहारभाषा झाली आणि हे रूप झपाट्याने मागे पडले. बायबलच्या संपूर्ण नव्या करारात ते सत्तरपेक्षाही कमी वेळा आले आहे. त्यांतही ‘मे गेनोइतो’ (तसे न होवो) या ठराविक उद्‌गाराचा वाटा मोठा असून तो मुख्यतः सेंट पॉल याच्या पत्रांत आढळतो. आधुनिक ग्रीकमध्ये इच्छार्थ हा स्वतंत्र अर्थ उरलेला नाही. ‘ना’, ‘आस्’, ‘माकारी’ यांसारख्या अव्ययांनी ते काम होते.

लॅटिनमध्ये इच्छार्थ व संभावनार्थ हे फार पूर्वीच एकरूप झाले. ‘सिम्’ (मी असावे), ‘वेलिम्’ (मला हवे असावे) अशा काही रूपांत जुना इच्छार्थ दडलेला आहे. परंतु तो वेगळा अर्थ म्हणून उरला नाही. तरीही त्याचे नाव टिकले. दिओनीसिओस थ्राक्स (इ. स. पू. दुसरे शतक) याच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात क्रियापदाच्या पाच अर्थांत इच्छार्थाची गणना होती. हेच व्याकरण रोमन व्याकरणकारांपुढे आदर्श होते. त्यामुळे डोनेटस (चौथे शतक) व प्रिशियन (सहावे शतक) यांच्या ग्रंथांत लॅटिनचाही वेगळा इच्छार्थ सांगितलेला आहे. त्याची रूपे संभावनार्थाचीच असून त्यांच्यापुढे ‘उटिनाम्’ हा इच्छासूचक शब्द तेवढा जोडलेला असे. शेकडो वर्षे यूरोपातील विद्यार्थी तीच रूपे दोन नावांखाली पाठ करीत राहिले. एका भाषेचे व्याकरण दुसरीवर लादले म्हणजे काय होते, याचे हे उदाहरण पुढील काळातील व्याकरणकारांनाही उद्‌बोधक ठरावे.

संस्कृत : पाणिनीने क्रियापदाच्या रूपांचे दहा लकार मानले आहेत. त्यांपैकी लेट्, लिङ् व लोट् यांचा इच्छेशी निकट संबंध आहे. लेट् म्हणजे जुना संभावनार्थ. तो केवळ वैदिक भाषेत आढळतो. अभिजात संस्कृतात तो लोपला आणि ‘करवाणि’ (मी करू), ‘भवाम’ (आपण होऊ या) यांसारखी त्याची प्रथमपुरुषी रूपे लोट् म्हणजे आज्ञार्थात सामावली गेली. लिङ् म्हणजे जुना इच्छार्थ. त्याचे विधिलिङ् (‘भवेत्’) आणि आशीर्लिङ् (‘भूयात्’) असे दोन प्रकार असून दुसरा केवळ आशीर्वादासाठी व शुभेच्छेसाठी राखून ठेवलेला आहे.

अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात लिङ्‌चे सहा अर्थ सांगितले आहेत : विधी, निमंत्रण, आमंत्रण, अधीष्ट, संप्रश्न व प्रार्थना. टीकाकारांच्या विवरणानुसार विधी म्हणजे आज्ञा. निमंत्रण म्हणजे जे टाळता येत नाही असे बोलावणे. आमंत्रण म्हणजे जेथे जाणे-न जाणे ऐच्छिक असते असे बोलावणे. अधीष्ट म्हणजे आदरपूर्वक केलेली विनंती. संप्रश्न म्हणजे ‘हे करू की ते करू’ असा विचारविनिमयाचा प्रश्न आणि प्रार्थना म्हणजे याचना. लगेच पुढच्या सूत्रात याच अर्थी लोट्‌ही होतो, असे म्हटले आहे. इच्छावाचक धातूंच्या योगात लिङ् व लोट् होतात, असाही एक नियम आहे. या मांडणीतून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. आज्ञा, विनंती व इच्छा यांतील सीमारेषा क्रियापदाच्या रूपात नाही. ती बोलणारा व ऐकणारा यांच्या नात्यात आहे. गुरूने शिष्यास म्हटले तर जी आज्ञा होते, तीच शिष्याच्या तोंडी प्रार्थना होते.

इच्छा दाखविणारी आणखी एक सोय संस्कृतात आहे. ती म्हणजे ‘सन्’ हा प्रत्यय. मात्र तेथे इच्छा वक्त्याची नसून कर्त्याची असते. ‘पिपासति’ म्हणजे ‘तो पिऊ इच्छितो’. हा अर्थ नसून नवा धातू होय. त्याला पुन्हा लिङ्, लोट् इ. सर्व लकार लागू शकतात. जिज्ञासा, पिपासा, मुमुक्षू, शुश्रूषा हे मराठीत रुळलेले शब्द याच प्रत्ययाने सिद्ध झालेले आहेत. ‘बुभुक्षा’ (खाण्याची इच्छा) हा शब्द प्राकृतातून झिजत आला आणि त्याचा मराठीत ‘भूक’ झाला.

विधी आणि इच्छा : लिङ्‌च्या अर्थाचा प्रश्न भारतात व्याकरणापुरता मर्यादित राहिला नाही. यज्ञकर्मे वेदवाक्यांवर आधारलेली आणि ही वाक्ये विधिलिङात असल्यामुळे ‘करावे’ या रूपात माणसाला कृतीस लावणारे नेमके काय असते, हा मीमांसकांचा मध्यवर्ती प्रश्न बनला. स्वर्गाची इच्छा असणाऱ्याने यज्ञ करावा, हा या चर्चेतील नेहमीचा नमुना. त्यात इच्छा आहे ती कर्त्याच्या विशेषणात आणि प्रेरणा आहे ती क्रियापदात. कुमारिल भट्टाच्या (सातवे शतक) मते लिङ् प्रत्ययातच प्रवृत्त करण्याचे सामर्थ्य असते. यास तो शाब्दी भावना म्हणतो. प्रभाकराच्या मते विधीतून कळते ते कार्य म्हणजे कर्तव्य. फळाची इच्छा हे त्याचे मूळ नव्हे. मंडनमिश्राने विधिविवेक या ग्रंथात असे मत मांडले, की हे कर्म आपल्याला इष्ट असलेल्या गोष्टीचे साधन आहे, एवढेच विधिवाक्य सांगते. नैयायिकांनी ही भूमिका विकसित केली : कर्म इष्टाचे साधन असावे, ते आपल्या प्रयत्नाने साध्य होणारे असावे आणि त्यातून अधिक मोठे अनिष्ट उद्‌भवणारे नसावे. एका प्रत्ययाच्या अर्थावरील या वादात माणूस कर्तव्य म्हणून वागतो की इच्छेने, हा नीतिशास्त्रातील मूलभूत प्रश्न दडलेला आहे.

लिङ्‌च्या शक्यतादर्शक बाजूचाही एका दर्शनाने उपयोग केला. ‘स्यात्’ हे ‘अस्’ धातूचे विधिलिङी रूप जैन तत्त्वज्ञांनी ‘एका अपेक्षेने’ या अर्थाचे अव्यय म्हणून योजले आणि त्यावरून स्याद्‌वाद हे नाव आले.

प्राकृत ते मराठी : पालीत ‘-एय्य’ आणि प्राकृतात ‘-एज्ज’ या प्रत्ययांच्या रूपाने विधिलिङ् काही काळ टिकून राहिले. पुढे ते क्षीण होत गेले आणि मराठीत स्वतंत्र अर्थ म्हणून त्याची परंपरा राहिली नाही. त्याची जागा मुख्यतः दोन रूपांनी घेतली.

पहिले रूप ‘-ओ’ प्रत्ययाचे : ‘देव तुझे भले करो’, ‘तुला यश लाभो’. हे संस्कृत लोट्‌च्या तृतीयपुरुषी ‘-तु’ या प्रत्ययापासून आले आहे (करोतु, प्राकृत करउ, मराठी करो). म्हणजे मूळची ही आज्ञा होय. परंतु ऐकणाऱ्यापेक्षा वेगळ्या, बहुधा अदृश्य अशा शक्तीला उद्देशून ती असल्याने तिची प्रार्थना झाली. आशीर्वाद आणि शाप या दोहोंसाठी हे रूप आजही चालते : ‘कल्याण होवो’ आणि ‘तळपट होवो’ यांत क्रियापद एकच. गोव्यात कोकणी बोलणारे आभार मानताना ‘देव बरें करूं’ म्हणतात. तेथे कृतज्ञतेचा उद्‌गार हाच मुळात एक इच्छार्थी वाक्य आहे.

दुसरे रूप ‘-आवा’ प्रत्ययाचे : ‘मुलांनी अभ्यास करावा’, ‘पाऊस पडावा’. याचा उगम संस्कृतातील ‘-तव्य’ या कृदन्त प्रत्ययात आहे (कर्तव्य, प्राकृत -अव्व). ‘कर्तव्य’ म्हणजे करण्यास योग्य, केले पाहिजे असे. हे रूप मूळचे कर्मणी असल्याने संस्कृतात ‘तेन कार्यं कर्तव्यम्’ अशी रचना होई. मराठीत ती तशीच उरली आहे : ‘त्याने काम करावे’ या वाक्यात कर्ता तृतीयेत असून क्रियापद कर्माप्रमाणे चालते. आपली इच्छा बोलून दाखविताना मराठी माणूस मुळात दुसऱ्यावरचे कर्तव्य सांगणारे रूप वापरतो. म्हणूनच ‘त्याने यावे’ हे वाक्य इच्छा, सल्ला, परवानगी किंवा आज्ञा यांपैकी काहीही असू शकते. कार्यालयीन सूचनेतील ‘अर्ज करावा’ आणि आईच्या मनातील ‘मुलाने शिकावे’ यांत व्याकरणदृष्ट्या भेद नाही. ‘मला जायचे आहे’ यातील ‘जायचे’ हेही ‘जावयाचे’ या रूपातून, म्हणजे याच ‘-आवा’ प्रत्ययातून आले आहे.

शके १२१२ (इ. स. १२९०) मधील ज्ञानेश्वरीच्या अखेरचे पसायदान हा मराठी इच्छार्थाचा सर्वपरिचित प्राचीन नमुना होय. त्यात ही दोन्ही रूपे एकत्र आढळतात. देवाकडे थेट मागणे आहे तेथे ‘तोषावें’, ‘द्यावें’ ही ‘-आवें’ प्रत्ययान्त रूपे असून त्यांचा कर्ता तृतीयेत आहे. जगासाठी जे मागितले आहे तेथे ‘सांडो’, ‘वाढो’, ‘जावो’, ‘लाहो’ ही ‘-ओ’ प्रत्ययान्त रूपे आहेत. त्यातील ‘होतु’ या अनेकवचनी रूपात संस्कृत ‘-अन्तु’ या प्रत्ययाची खूण दिसते. आजच्या मराठीत त्या जागी ‘होवोत’ येते. संस्कृतातील इच्छार्थ नष्ट झाल्यावरही त्याच्या कार्याची हानी झाली नाही, हे या उदाहरणावरून दिसून येते.

याशिवाय ‘पाहिजे’ हे क्रियापद लक्षणीय आहे. ते ‘पाहणे’ या क्रियापदाचे जुने कर्मणी रूप असून त्याचा मूळ अर्थ ‘पाहिले जाते, शोधले जाते’ असा आहे. त्यावरून ‘हवे असते’ हा अर्थ आला आणि पुढे ‘केले पाहिजे’ या रचनेत ते सक्ती दाखवू लागले. कर्तव्यातून इच्छेकडे झालेला ‘-आवा’ प्रत्ययाचा प्रवास येथे उलट दिशेने झाला.

अपूर्ण राहिलेल्या किंवा अशक्य इच्छेसाठी मराठी संकेतार्थाचा आश्रय घेते. ‘आज वडील असते तर!’ या उद्‌गारात वाक्याचा उत्तरार्ध गाळलेला असतो. शालेय मराठी व्याकरणात सामान्यतः स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ असे चार अर्थ सांगतात. इच्छार्थ त्यांत नाही, कारण ‘-ओ’ प्रत्ययान्त रूपे आज्ञार्थात आणि ‘-आवा’ प्रत्ययान्त रूपे विध्यर्थात मोडतात. मराठीत इच्छा आहे, तिच्या व्यक्तीकरणाची साधनेही आहेत. फक्त तिच्या नावाचे वेगळे दालन नाही.

अन्य भाषा : द्राविड भाषांत इच्छार्थाची परंपरा जुनी आहे. तमिळमध्ये ‘वाऴ्क’ (चिरायू होवो) यासारख्या रूपांना वियंगोळ म्हणतात आणि तोल्काप्पियम् या प्राचीन व्याकरणग्रंथात त्यांचा विचार केलेला आहे. कन्नडमध्ये ‘-अलि’ प्रत्ययाने तृतीयपुरुषी इच्छार्थ होतो : ‘बरलि’ (येवो), ‘आगलि’ (होवो). तुर्कीत ‘-सा’ किंवा ‘-से’ हा एकच प्रत्यय अट आणि इच्छा या दोहोंसाठी येतो. अशक्य इच्छेसाठी संकेतार्थ योजण्याच्या मराठी रीतीशी याचे साम्य आहे.

इच्छादर्शक रूपांचे भविष्यकाळात रूपांतर होणे, हीदेखील अनेक भाषांत आढळणारी घटना आहे. ज्याची इच्छा धरली ते पुढे घडायचे असते, हा दुवा त्याच्या मुळाशी आहे. इंग्रजीत भविष्यकाळासाठी येणारे ‘विल’ हे मुळात ‘इच्छिणे’ या अर्थाचे क्रियापद होते. आधुनिक ग्रीकमधील ‘था’ हे भविष्यदर्शक अव्ययही ‘थेलो’ (मी इच्छितो) या क्रियापदापासून झिजून बनले आहे. लॅटिनमधील ‘एरित्’ (असेल) हे रूप जुन्या संभावनार्थाचे, म्हणजे वैदिक लेट्‌चे सगोत्र आहे.

घोषणांतील इच्छार्थ : आधुनिक सार्वजनिक जीवनात इच्छार्थाचा सर्वांत ठळक आढळ घोषणांत होतो. महाराष्ट्रातील एकाच मोर्चात ‘विजय असो’, ‘अमर रहे’ आणि ‘झिंदाबाद’ या तीन घोषणा ऐकू येतात; त्या तिन्ही इच्छार्थी असल्या, तरी त्यांचा इतिहास वेगवेगळा आहे. ‘असो’ हे मराठी रूप संस्कृत आज्ञार्थापासून आले. हिंदी ‘रहे’ हे मुळात जुन्या वर्तमानकाळाचे रूप होय. हिंदीत नवा वर्तमानकाळ रूढ झाल्यावर जुन्याकडे इच्छा व शक्यता दाखविण्याचे काम आले. मराठीत त्याच जुन्या वर्तमानकाळाचा ‘तो रोज येई’ असा रीतिभूतकाळ झाला. ‘झिंदाबाद’ हा फार्सी शब्द ‘झिंदा’ (जिवंत) व ‘बाद’ (असो) या दोन पदांनी बनला आहे. स्थलनामांतील ‘आबाद’ या शब्दाशी त्याचा संबंध नाही. ‘बाद’ हा ‘बुवाद’ या रूपाचा संक्षेप असून त्यातील दीर्घ ‘आ’ ही इराणी भाषांतील प्राचीन संभावनार्थाची खूण आहे. वैदिक ‘भवाति’ हे लेट्‌चे रूप त्याचे सगोत्र होय. अभिजात संस्कृतातून जो लकार नाहीसा झाला, त्याचा इराणी भाऊबंद अशा रीतीने फार्सीच्या वाटेने भारतात आला आणि आजही लोकांच्या तोंडी आहे.